खेचरवाल्यांचा चढ

वाल्दोरा, २० फेब्रुवारी १९९६

एलादिओ भाऊजी,

तुमच्या सायकल मंडळाचं यंदाचं रविवारपत्रक काल पोस्टानं आलं. दरवर्षीसारखं कॉफीच्या यंत्राशेजारी चिकटवलं, चष्मा लावला आणि मार्चपासून बोट फिरवत ऑक्टोबरपर्यंत आले. वाल्दोरा कुठेच नाही. मला वाटलं ओळ चुकली, म्हणून पुन्हा वरून सुरुवात केली. तरी नाही.

फोन केला तर “कोण? ऐकू येत नाही” म्हणून तुम्ही ठेवून दिलात. शिवाय आमचा फोन बारच्या फळीवर मधोमध. मी बोलायला लागले की अख्खं गाव कॉफी ढवळायची थांबतं. कागद काही तुम्हाला असा ठेवून देता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

एकतीस वर्षं तुम्हीच आखलेला रस्ता आहे हा. सकाळी कालामोचाहून निघायचं, उत्तरेचा वारा तोंडावर घेत हिलोका नदीच्या काठानं खाली यायचं, दहाला माझ्याकडे अंडी आणि लोंगानिसाची सॉसेजं खायची, मग खेचरवाल्यांचा चढ चढून पठारावर जायचं आणि वारा पाठीवर घेऊन घरी. महिन्यातून दोन रविवार चाळीस माणसं. आणि आता काय, तर ओल्मेडाच्या पुलावरच वळायचं आणि पलीकडच्या काठानं सपाट परत! अहो, हा सायकलचा रस्ता आहे की बाबागाडीचा?

तुम्हाला माहीत आहे, बारची जागा गावाची आहे. तुमचे रविवार आहेत म्हणून तो बाकीचे दिवस उघडा राहतो. पाव इथे उतरतो, म्हाताऱ्यांची औषधं इथे येतात, एकोणीस माणसांना एकमेकांची तोंडं इथेच दिसतात. सरपंचीण तोमासा म्हणाली, “फेर्मिना, सायकलवाले येणार नसतील तर सान पेद्रोच्या सभेत किल्ली परत घ्यावी लागेल.” म्हणजे एकोणतीस जूनला. मग मी सारागोसाला नीएवेसकडे, पाचव्या मजल्यावर. मुलगी चांगली आहे हो, पण तिच्या खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले पायमोजे दिसतात.

मला कारण कळलंय म्हणा. गेल्या उन्हाळ्यात ओल्मेडाच्या मंडळानं त्यांची जर्सी दिली, ती मी भिंतीवर लावली. ती तुमच्या जर्सीच्या चार बोटं वर गेली, कारण तोच एक खिळा रिकामा होता. एवढ्यानं तुमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असतील तर तसं तोंडानं सांगा. तुमच्या रविवारचा झालरीचा एप्रनसुद्धा खिळ्यावर वाट बघत लटकलाय.

तुमची मेहुणी,
फेर्मिना

*

कालामोचा, ३ मार्च १९९६

फेर्मिना,

तू स्वतःच विषय काढलास म्हणून बोलतो. होय, जर्सीच. एकतीस वर्षांचं मंडळ खाली आणि ज्यांना अजून साखळीला तेल घालायची अक्कल नाही ते वर. सभासद फार दुखावले आहेत. मी एकटा असतो तर पोटात घातलं असतं. पण अध्यक्षाला सगळ्यांच्या भावना बघाव्या लागतात.

उर्सुला असती तर तिनं तुला समजावलं असतं. बहिणींचं बहिणी ऐकतात. मुलीकडे जाण्यात वाईट काय आहे? पाचव्या मजल्याला लिफ्ट असते.

एलादिओ

*

वाल्दोरा, ९ मार्च

भाऊजी,

ओल्मेडाची जर्सी काढली आणि संडासाच्या दारामागे लावली. तिथे ती फक्त बसलेल्या माणसाला दिसते. तुमची जर्सी धुऊन, इस्त्री करून मधोमध टांगली, वर दिवासुद्धा लावला. डॉन ओनोफ्रे पाद्रीबुवा म्हणाले, आता पुढे गुडघे टेकायला एक फळी तेवढी ठेव.

उर्सुलाचं नाव मध्ये आणू नका. माझी बहीण असती तर तिनं तुम्हाला कान धरून इथे आणून बसवलं असतं.

नवीन पत्रक कधी पाठवताय?

फेर्मिना

*

कालामोचा, २५ मार्च

फेर्मिना,

जर्सीचं केलंस ते बरं केलंस. सभासदांपर्यंत पोचवीन.

पण पत्रक एकदा छापलं की छापलं. आणि खरं सांगायचं तर जर्सी हे काही एकच कारण नव्हतं. तुमच्या गावच्या पुलापासून चौकापर्यंतचा रस्ता तू अलीकडे पाहिलायस का? खड्ड्यात मेंढी बसली तर कान तेवढे दिसतील. बासिलिओ औषधवाल्याचं गेल्या साली चाक वाकलं. उद्या कुणाचं डोकं फुटलं तर तुझी अंडी खायला मी तुरुंगातून येऊ का?

एलादिओ

*

वाल्दोरा, २२ एप्रिल

भाऊजी,

रस्ता झाला.

जिल्ह्याला अर्ज केला तर ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. मग तोमासानं जुन्या पद्धतीनं चर्चची घंटा तीनदा वाजवली. घंटा तीनदा वाजली की दर घरातून एक माणूस, हातात एक अवजार. वीस वर्षांत वाजली नव्हती, त्यामुळे अर्ध्या गावाला वाटलं कुणीतरी गेलं आणि ते काळे कपडे घालून आले. आले ते आले, तसेच कामाला लागले. ब्याऐंशी वर्षांची एन्ग्रासिया झाडू घेऊन आली. दोन शनिवार नदीतली वाळूखडी ट्रॅक्टरनं आणली, खड्डे भरले, वर डांबर ओतलं. डांबर कुठून आलं ते विचारू नका. माझ्या कमरेनं अजून मला माफ केलेलं नाही.

आता त्या रस्त्यावरून अंड्यांचा ट्रे सायकलच्या मागे बांधून न्या, एक फुटलं तर मला सांगा. मे महिन्यात दोन तरी रविवार द्या. माणसं गावच्या पुलाकडे बघत बसतात हो. मला बघवत नाही.

फेर्मिना

*

कालामोचा, ६ मे

फेर्मिना,

तुम्ही सगळ्यांनी एवढे कष्ट केलेत, मला फार संकोच वाटतो. कुणी करायला सांगितलं होतं?

अडचण वाऱ्याची आहे. तुला बारमध्ये बसून कळायचं नाही, पण उत्तरेचा वारा पूर्वीचा राहिलेला नाही. आता जास्त जोरानं येतो. पंचेचाळीस किलोमीटर तोंडावर वारा म्हणजे वयस्कर सभासदांना जड जातं. ओल्मेडाचा पूल दहा किलोमीटर अलीकडे आहे. विचार मंडळाच्या हिताचा करावा लागतो.

एलादिओ

*

वाल्दोरा, २१ मे

भाऊजी,

वारा! आता तुम्ही वाऱ्यावर आलात! तो तुमच्या आजोबांच्या टोप्या उडवायचा आणि तुमच्या नातवंडांच्याही उडवील. वारा बदलला नाही, तुम्ही बदललात.

परवाच्या रविवारी तुम्ही ओल्मेडाला थांबलात म्हणे. पावाची गाडी चालवणारा लिबोरिओ तिथे होता, त्यानं सगळं सांगितलं. प्लास्टिकमधले पाव. गार. चाळीस माणसं पायरीवर बसून प्लास्टिक सोलत होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तुमचा बासिलिओच म्हणाला, “वाल्दोराच्या अंड्याचं पिवळं पावानं पुसायला मिळत नसेल तर मी रविवारी घरी झोपेन.” म्हणजे सभासद दुखावलेले नाहीत, सभासद उपाशी आहेत. आणि तुम्ही मला तीन महिने त्यांच्या भावना ऐकवताय.

एकतीस वर्षं तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून, खिडकीला दुर्बीण लावून, चढाच्या दुसऱ्या वळणावर कुणाचा पाय जमिनीला लागतो ते बघितलंत. ज्याचा लागला त्यानं पुढच्या खेपेला झालरीचा एप्रन घालून सगळ्यांना वाढायचं. नियम तुमचा, एप्रन माझा. शेवटच्या माणसानं वळण पार केलं की मग तुम्ही निघायचात. तेव्हा हे घर तुम्हाला चालत होतं. आता कुठे अडलं?

जाऊ दे. मी आता विनवणी करणार नाही. नीएवेस शनिवारी येऊन रिकामी खोकी ठेवून गेली. तीन भरली. चौथ्यात तवे ठेवायचे की नाही ते कळेना, म्हणून ते तसंच उघडं आहे.

फेर्मिना

*

वाल्दोरा, ११ जून

एलादिओ,

आज भाऊजी म्हणायचं माझ्या जिवावर आलंय.

सेफेरीनो मेंढपाळ काल मेंढ्या घेऊन दक्षिणेहून परत आला. नोव्हेंबरात जातो आणि जूनमध्ये येतो, त्यामुळे इथलं काही त्याला माहीत नाही. वाइनचा पेला घेतला, भिंतीवरच्या जर्सीकडे बघितलं आणि म्हणाला, “तुझ्या भाऊजींचे गुडघे आता कसे आहेत गं?” मी म्हटलं, कसले गुडघे? तो म्हणाला, “अगं, निघायच्या आधीच्या रविवारी, धुक्यात. माझ्या मेंढवाड्यामागे बसले होते ना. बूट काढून.”

मग सगळं सांगितलं त्यानं. त्याला वाटलं मला ठाऊक आहे.

एकोणतीस ऑक्टोबर. मला तो दिवस आठवतो. टेबलावर केशराच्या फुलांचा ढीग, आम्ही पाच बायका खाली माना घालून त्यांतलं केशर खुडत होतो, आणि बाहेर नदीवरून आलेलं धुकं. तुम्ही दुर्बीण खाली ठेवलीत, “आज सगळे सुटले” म्हणालात आणि निघालात. आणि दुसऱ्या वळणावर उतरलात. सेफेरीनोनं वाइनची कातडी पिशवी पुढे केली तर ती घेतलीत. कुणाला सांगू नकोस म्हणून त्याला शपथ घातलीत. मग बीट नेणाऱ्या ट्रॅक्टरवर सायकल टाकून खालच्या रस्त्यानं गेलात आणि मंडळाला सांगितलंत, टायर फाटला.

म्हणजे एप्रन! एका एप्रनसाठी! जर्सी नाही, खड्डे नाहीत, वारा नाही. ब्याऐंशी वर्षांच्या बाईनं तुमच्यासाठी झाडू मारला, आणि तुम्ही तीन हात कापडाला भ्यालात. सगळ्या गावाचं दार बंद झालं तरी चालेल, पण एलादिओला झालर लागता कामा नये.

मला इतका राग आलाय की मी आज दोनदा दूध उतू घालवलं.

फेर्मिना

*

कालामोचा, १५ जून

फेर्मिना,

चार वेळा हे पत्र लिहिलं. पहिल्या तिन्हींत पुन्हा वाराच आला, म्हणून फाडली.

सेफेरीनो सांगतो ते खरं आहे. ट्रॅक्टरवर बीटच्या ढिगात मी आडवा पडलो होतो, कुणी बघू नये म्हणून, हे त्याला माहीत नाही. ते मी सांगतो. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. खेचरवाल्यांचा चढ माझ्याच्यानं आता होत नाही, आणि पुढच्या साली अधिक होईल असंही नाही.

पण फक्त एप्रनची लाज असती ना, तर घातला असता. शिव्या देत घातला असता.

त्या वळणावर पाय टेकला तेव्हा मला अमान्सिओ आठवला. चौऱ्याऐंशीचा सप्टेंबर. तुझा नवरा त्याच ठिकाणी उतरला होता आणि मी तुझ्याच खिडकीतून दुर्बिणीनं त्याला पाहिलं आणि ओरडलो, “सापडला! घरचाच माणूस सापडला!” पंधरवड्यानं त्याला एप्रन घातला, मागची गाठ मी स्वतः बांधली. तो ताटं घेऊन फिरत होता तेव्हा त्याला दम लागत होता, आणि मी म्हटलं, “बाई, जरा लवकर आणा.” सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं. जानेवारीत तो गेला. फुप्फुसं आधीच गेली होती हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं, पण मला दिसायला हवं होतं. दुर्बीण माझ्याकडे होती.

आता खिळ्यावरचा तो एप्रन डोळ्यांपुढे आला की मला जेवण जात नाही. तुला हे कसं सांगायचं ते कळेना, म्हणून नकाशावरचा रस्ताच खोडला. मूर्खपणा आहे, कबूल.

एलादिओ

*

वाल्दोरा, १७ जून

भाऊजी,

तुमचं पत्र स्वयंपाकघरात वाचलं, दार लावून. बाहेर लोक अंडी मागत होते, थांबले.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही. अमान्सिओला ते लागलं होतं. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही. दोन आठवडे तुमचं नाव काढलं नाही. मग बीटची काढणी आली आणि कामात तो विसरला. तो विसरला, मी नाही. अकरा वर्षं मी तुम्हाला अंडी वाढली आणि दर खेपेला त्या “बाई, जरा लवकर आणा”वरून मनात एक शिवी घातली. ओल्मेडाच्या जर्सीसाठी एकच खिळा रिकामा होता असं मी लिहिलं होतं ना? तो खिळा मी ठोकला. स्टुलावर चढून, तुमच्या जर्सीच्या बरोब्बर चार बोटं वर. आता दोघांचंही बाहेर आलं.

पण एक तुम्हाला माहीत नाही. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात अमान्सिओनं विचारलं, “एलादिओनं यंदाचं पत्रक काढलं का? मार्चमध्ये पहिला रविवार आपल्याकडेच ना?” मी हो म्हटलं. तेव्हा काढलेलं नव्हतं तुम्ही, पण मी हो म्हटलं.

तेव्हा मला खोटं पाडू नका. पहिला रविवार मार्चमध्ये नाही झाला तर जूनमध्ये करा. सभा एकोणतीसला आहे. एप्रन धुतलाय. नाड्या वाढवल्यात, कारण तुमचं पोट चौऱ्याऐंशीचं राहिलेलं नाही.

फेर्मिना

*

(कार्ड) कालामोचा, १९ जून

फेर्मिना, रविवारी, तेवीसला, चाळीस जण. दहा वाजता. मी लिबोरिओच्या पावाच्या गाडीतून साताला येतो, सायकल आणत नाही. सगळ्यांना ऑक्टोबरचं सांगितलं. बासिलिओ इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. तवे खोक्यात घालू नकोस. — ए.

*

वाल्दोरा, १ जुलै १९९६

भाऊजी,

काल एवढी गर्दी होती की धड बोलता आलं नाही, आणि लिबोरिओला तुम्हाला घेऊन जायची घाई. म्हणून लिहिते.

आधी तक्रारी. अंड्यांना मीठ मी घालते. तुम्ही पुन्हा घालायचं नाही. दोन्ही रविवारी लोक नळावर रांग लावून पाणी पीत होते. लोंगानिसा उलटताना तिच्याशी बोलायची गरज नसते. तीन ताटं फोडलीत, त्यातलं एक लग्नातलं होतं. आणि एन्ग्रासियाला मला न विचारता रस्त्यासाठी म्हणून दर रविवारी फुकट न्याहारी कबूल केलीत. ती एकटी नाही हो, आता तिची बहीणही येते.

शनिवारच्या सभेत किल्लीचा विषय निघालाच नाही. तोमासानं कागद उघडला, बंद केला आणि म्हणाली, पुढचा विषय कारंजं. मी खोकी सेफेरीनोला दिली, त्यात त्यानं कोकरं ठेवली आहेत. नीएवेस फोनवर थोडी रडली आणि मग म्हणाली, ऑगस्टात मीच येते.

आता मुख्य गोष्ट. तेवीसला सगळे चढावर गेले तेव्हा तुम्ही सवयीनं खिडकीपाशी जाऊन उभे राहिलात, अंगात एप्रन, हातात दुर्बीण. मी तुमच्या मागे भांडी घासत होते. तुम्हाला वाटलं मला दिसलं नाही. दुसऱ्या वळणावर बासिलिओ उतरला. तोच तुम्हाला हसणारा बासिलिओ. सायकलला टेकून उभा राहिला, छातीवर हात ठेवून. मी वाट बघत होते तुम्ही ओरडायची. तुम्ही दुर्बीण खाली ठेवलीत, पडदा ओढलात आणि ओल्या फडक्यानं कोरडी ताटं पुसायला लागलात.

आणि काल न्याहारीला सगळे ओरडायला लागले, “अध्यक्ष, सांगा, गेल्या खेपेला कुणाचा पाय टेकला? एप्रन कुणाला?” बासिलिओ ताटात खाली बघत होता. तुम्ही हातातला झारा वर केलात आणि गंभीर तोंडानं म्हणालात, “धुकं होतं. काही दिसलं नाही. एप्रन सध्या माझ्याकडेच.”

भाऊजी, जूनमध्ये धुकं! ऊन असं होतं की डांबर वितळून मेंढ्यांच्या खुरांना चिकटत होतं. चाळीस माणसांनी तुमच्या तोंडाकडे बघितलं आणि मग सगळी पावानं ताटं पुसायला लागली. मला चुलीकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

एप्रन अंगात तसाच घालून पावाच्या गाडीत बसलात, तो धुऊन आणा. रविवारी साताला या. तो पडदा फार मळलाय. मी धुऊन, इस्त्री करून पुन्हा लावते.

फेर्मिना